नऊ सेकंद आवाज नव्हता

उत्तर इंग्लंडमध्ये, लँकेशरमधल्या बर्नलीत कालव्याच्या मागे स्केटिंगचा एक जुना हॉल होता. १९५६ साली रिबल टेलिव्हिजन कंपनीने तो घेतला, खिडक्या विटांनी बुजवल्या, छताला दिवे टांगले आणि त्याचा स्टुडिओ केला. लंडनहून आलेल्या इंजिनियरांना त्या हॉलची जमीन फार आवडली. मेपलच्या फळ्या, पन्नास वर्षं चाकं फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. अवजड कॅमेरे तिच्यावरून पाण्यावरच्या बदकासारखे सरकत. फक्त मधूनच एखादी फळी कुरकुरे. तेव्हा सगळी नाटकं थेट घरोघरी जात, त्यामुळे नायकाने लग्नाची मागणी घातली रे घातली की फळीही आपलं मत देऊन मोकळी होई.

कुरकुरणाऱ्या फळ्या नेमक्या कोणत्या, हे फक्त एनिड ऑर्मरॉडला माहीत होतं. ती याच गल्लीत वाढली होती आणि दर शनिवारी याच हॉलात गुडघे फोडून घेत स्केटिंग शिकली होती. दिग्दर्शक म्हणून ती इथे आली त्या पहिल्या दिवशी तिने चपला काढल्या, सगळ्या जमिनीवरून चालली आणि चौकटीच्या कागदावर सतरा फळ्यांचा नकाशा काढला. तो नकाशा तिने आपल्या फ्लोअर मॅनेजरच्या, डग्लस पेनरोजच्या हातात दिला. डग्लस दक्षिणेतल्या केंटचा, सैन्यातून आलेला, बूट चकचकीत आणि भांग सरळ. कामातलं त्याला तेव्हा काही येत नव्हतं. एनिडने त्याला सगळं शिकवलं.

फ्लोअर मॅनेजरचं काम म्हणजे दिग्दर्शकाची जीभ होणं. दिग्दर्शक वर, काचेआडच्या खोलीत बसते; चार कॅमेऱ्यांची चार चित्रं तिच्यापुढे असतात. ती कानातल्या यंत्रातून सांगेल ते खाली नटांपर्यंत पोचवायचं, आणि तेही एक अक्षर न उच्चारता, कारण माइक चालू असतो. हाताने खुणा करायच्या, नाहीतर ओठ स्पष्ट हलवून शब्द नुसता दाखवायचा. डग्लसला सुरुवातीला हे जमेना. दक्षिणेकडच्या माणसांप्रमाणे तो दातांमागे बोलायचा. एनिडने त्याला आरशासमोर उभं केलं. ‘शब्द तोंडातून बाहेर काढ, मिस्टर पेनरोज. तुझ्या आईने ते तिथे ठेवायला दिलेले नाहीत.’ सहा महिन्यांत त्याचे ओठ इतके स्वच्छ झाले की स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाचा बहिरासुद्धा त्याला वाचू शकला असता.

एनिडला स्वतःला हे कुठून येत होतं, ते तिने त्याला सांगितलं नव्हतं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिची आई ॲलिस कापडगिरणीत चार माग सांभाळायची. विणकामाच्या शेडमध्ये तीनशे माग एकदम धडधडत तेव्हा कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, गरज पडली तर भुवयांची मदत घेऊन. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची सगळी लक्षणं सांगे आणि मधला मुकादम कोरडाच राही. आठ वर्षांची एनिड वाडग्यात बटाटा भरून भाजलेली पोळी घेऊन दुपारी दारात उभी राहिली की ॲलिस लांबूनच ओठांनी म्हणे, ‘आज पुन्हा करपवलीस?’ वाडग्यावरचं फडकं अजून निघालेलंही नसे.

एनिड हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवली, युद्धाच्या काळात मँचेस्टरला रेडिओ नाटकांसाठी आवाज तयार केले: नारळाच्या करवंट्यांचे घोडे, वाटाण्यांच्या परातीचा समुद्र. मग लंडनला, टेलिव्हिजनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत. तिथे एका साहेबाने तिला गोड शब्दांत सुचवलं की तिच्या उच्चारांना कापसाचा वास येतो. तिने वर्षभरात ते उच्चार धुऊन काढले. कुणी विचारलं तर वडील ‘कापडाच्या व्यवसायात’ होते, एवढंच सांगे. आईबद्दल बोलत नसे. पण डोळे थोडेच धुता येतात. चार चित्रांपुढे बसली की कोण बोलायला तोंड उघडणार हे तिला अर्धा श्वास आधी दिसे, आणि ती त्या चेहऱ्यावर आधीच पोचलेली असे. नट वाक्य विसरणार असेल तर त्याचे ओठ आधी शब्द चाचपतात, तेही तिला दिसे. कॅमेरावाले म्हणत, मिस ऑर्मरॉडच्या कानात भूत सांगतं. ती हसे. उत्तरेत चार कॅमेऱ्यांवर थेट नाटक करणारी ती पहिली बाई होती. भूत असलेलं बरंच.

तिचं गुपित ओळखणारी एकच व्यक्ती भेटली. हेटी ग्रिमशॉ.

हेटी बारा वर्षांची असल्यापासून मागावर होती, मग विनोदी गाणी म्हणत गावोगावच्या थिएटरांतून फिरली, आणि ती थिएटरं बंद पडल्यावर साठीला टेकलेली हेटी एका चहाच्या दुकानात कपबश्या विसळताना एनिडला सापडली. एनिड एक मालिका उभी करत होती. नाव ‘वॉशहाऊस’. नगरपालिकेच्या कपडे धुण्याच्या घरात दर आठवड्याला भेटणाऱ्या पाच बायका, एवढीच गोष्ट. त्यातली मोठी बाई, मिसेस टॅटरसॉल, म्हणजे नाव बदललेली ॲलिस ऑर्मरॉड होती. वरिष्ठांना पटेना. धुण्याचं पाणी कोण बघणार, असा त्यांचा प्रश्न होता. एनिडने हेटीला त्यांच्यासमोर उभं केलं, एक चादर पिळायला दिली आणि पिळता पिळता बोलायला सांगितलं. प्रश्न मिटला.

पहिल्याच तालमीत हेटीने तीन नंबरच्या कॅमेऱ्यात पाहून, आवाज न काढता, ओठांनी सहज म्हटलं, ‘या पेनरोजचा भांग बघून मला केक कापावासा वाटतो.’ वरच्या खोलीत एनिड एकटीच खो-खो हसली. शेजारी बसलेल्यांना काही कळेना. खाली हेटीने वर काचेकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. तालीम संपल्यावर ती जिना चढून आली.

‘कुठल्या शेडची गं तू?’ तिने विचारलं.

‘माझी आई होती,’ एनिड म्हणाली. ‘ॲलिस ऑर्मरॉड. क्वीन स्ट्रीटच्या गिरणीत.’

‘मग लपवतेस काय? चोरी केली होती का तिने?’

एनिड टेबलावरचे कागद आवरू लागली. हेटीने पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर चार वर्षं दर बुधवारी हेटी कॅमेऱ्यातून तिच्याशी बोलत राहिली. चहा पाणचट आहे. नवी मुलगी सारखी भिंतीला टेकते. तू जेवलीस का. एनिडला उलट उत्तर देता येत नसे. हेटीलाही त्याची गरज नसे. आई गेल्यापासून एनिडशी त्या भाषेत कुणी बोललं नव्हतं.

मालिका चालली. बुधवारी साडेसातला लँकेशरमधल्या गल्ल्या ओस पडत. १९६० च्या वसंतात बातमी आली की शरद ऋतूपासून ‘वॉशहाऊस’ सगळ्या देशात दिसणार. एनिडने त्या रविवारी आईच्या थडग्यावरचं गवत काढलं आणि तिथे उभं राहून ही बातमी सांगितली. ओठांनीच. आजूबाजूला माणसं होती.

एप्रिलमधल्या एका बुधवारची गोष्ट. दुपारी एनिड आणि हेटी नेहमीप्रमाणे कॅन्टीनमध्ये एका टेबलाशी बसल्या. आतड्यांचा रस्सा आणि कांदा होता. हेटीने आपल्या ताटातला कांदा एनिडला वाढला, गुडघ्याबद्दल तक्रार केली, नव्या मुलीची नक्कल केली. सगळं नेहमीसारखं.

प्रक्षेपणाच्या आधी अर्धा तास कॅमेरे जुळवायचे असतात. एका उभ्या फळीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तक्ता लावतात, चारही कॅमेरे त्याच्याकडे तोंड करतात आणि इंजिनियर चित्रांचा उजेड सारखा करतात. बाकीची मंडळी तेवढ्यात चहाला जातात. एनिड जात नसे. ती वरच्या खोलीत एकटी बसून आपली संहिता शेवटची चाळत बसे. त्या दिवशी तिने मान वर केली तेव्हा तीन नंबरच्या चित्रात तक्त्याच्या कडेला, धुण्याच्या टाक्यांपाशी, डग्लस उभा होता. त्याच्यासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, कंपनीचे संचालक मिस्टर लॅटिमर. बोलण्याआधी डग्लसने वर पाहिलं. माइकचा लांब दांडा दूर वळवलेला होता, तो बंद असल्याचं त्याने नीट पाहून घेतलं. कॅमेऱ्याकडे त्याने पाहिलंही नाही. चित्र काय ऐकू येतं?

एनिडला लॅटिमर काय म्हणत होते ते कळलं नाही. पाठीला ओठ नसतात. पण डग्लसचा शब्द न् शब्द तिने स्वतः आरशासमोर घासून स्वच्छ केलेला होता.

‘शरद ऋतूपासून मी तयार आहे,’ डग्लस म्हणाला. लॅटिमरचे खांदे हलले. ‘नाही, तिला अजून काही कल्पना नाही,’ डग्लस म्हणाला. ‘लंडनच्या लोकांचं बरोबरच आहे. देशभर जायचं तर हात पुरुषाचा हवा.’ पुन्हा खांदे हलले. डग्लस हसला. ‘तिच्याशिवाय अडतं काय? संहिता कपाटात आहेत, फळ्यांचा नकाशा माझ्याकडे आहे.’

एनिड खुर्चीत हलली नाही. मनातल्या मनात तिने म्हटलं, हेटी हे होऊ देणार नाही. हेटीशिवाय मालिका नाही, आणि हेटी माझ्याशिवाय उभी राहणार नाही. लॅटिमरनी बहुधा तेच विचारलं, कारण डग्लसने मान हलवली.

‘मिसेस ग्रिमशॉने गेल्या गुरुवारीच सही केली. तीन वर्षांची. म्हणाली, एनिडला तुम्हीच सांगा, माझ्याच्याने व्हायचं नाही.’

मग एक इंजिनियर आला, तक्ता काढून घेऊन गेला, आणि चित्रात नुसत्या टाक्या राहिल्या.

गेला गुरुवार. एनिड दिवस मोजू लागली. शुक्रवारी हेटी तिच्या घरी चहाला आली होती. सोमवारी तालमीत कॅमेऱ्यातून म्हणाली होती, ‘पोरी, जरा झोपत जा, डोळे खोल गेलेत.’ आणि आज दुपारी कांदा. डग्लसचं तिला तेवढं लागलं नाही. तो परका होता, शिकला, निघाला. पण हेटी म्हणजे घरातल्या भाषेत बोलणारा चोर होती.

प्रक्षेपणापूर्वी दहा मिनिटं खाली जाऊन प्रत्येक नटाच्या खांद्याला हात लावायचा, ही एनिडची पद्धत. त्या दिवशीही ती गेली. डग्लसने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. तिने त्याला ‘थँक यू, मिस्टर पेनरोज’ म्हटलं. नव्या मुलीच्या खांद्याला हात लावला, भिंतीला टेकू नकोस म्हणून सांगितलं. मग ती हेटीपुढे उभी राहिली. हात लावला नाही. कुणालाही ऐकू न जाणाऱ्या भाषेत, पहिल्यांदाच, तिने हेटीला उलट बोलून दाखवलं.

‘गुरुवारचं कळलं मला.’

हेटीचे दोन्ही हात ॲप्रनमध्ये होते. ते तिथेच राहिले. एनिड वळून जिना चढली. आपण काय केलं ते तिला जिन्यावरच कळलं. थेट जाणाऱ्या कामाआधी दहा मिनिटं कोणताही दिग्दर्शक नटीला असं बोलत नाही. नवशिक्यासुद्धा नाही. पण बोललेलं परत तोंडात घालता येत नाही, मग ते आवाजाशिवाय का बोललेलं असेना.

साडेसात वाजले. पहिली वीस मिनिटं नीट गेली. एनिड नेहमीच्या शांत आवाजात सांगत होती: दोन, जवळ ये, चार, थांब, आता तीन. डग्लस तिचे शब्द खाली पोचवत होता. मग शेवटचा मोठा प्रसंग आला. मिसेस टॅटरसॉल टाकीतून चादर काढते, पिळते आणि शेजारणीला सांगते की मुलाचं पत्र आलेलं नाही. तीन नंबर, चेहरा जवळून.

हेटीने चादर पिळली. ओठ उघडले. ओठांनी शब्द चाचपला आणि तो त्यांना सापडला नाही.

अशा वेळेसाठी एक सोय असते. प्रॉम्प्टर बेरिल हॉवर्थ सेटच्या कडेला संहिता घेऊन बसलेली असे आणि तिच्या हातात एक बटण असे. नट अडला की ती बटण दाबी, घरोघरी जाणारा आवाज बंद होई, बेरिल वाक्य सांगे, बटण सोडे. दीड-दोन सेकंदांचं काम. प्रेक्षकांना वाटे आपला टेलिव्हिजन संच बिघडला. लँकेशरभर लोक उठून संचाला एक थापट मारत आणि आवाज परत येई, त्यामुळे थापटेवरचा त्यांचा विश्वास वाढे. इकडे दिग्दर्शक तेवढ्यात दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाऊन अडलेला चेहरा झाकून टाके. एनिडने आजवर कोणालाही दोन सेकंदांवर उघडं ठेवलं नव्हतं.

बेरिलने बटण दाबलं. वाक्य सांगितलं. हेटीने ते घेतलं नाही. तिने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि ओठांनी म्हणाली, ‘एनिड.’

‘दोनवर जायचं?’ चित्र बदलणाऱ्या मुलीने विचारलं. तिचं बोट तयार होतं.

एनिड काही बोलली नाही.

‘सही केली मी. तुझी खुर्ची त्यांनी पेनरोजला दिली ते ठाऊक असून केली. मी बासष्टची आहे, एनिड. मला पुन्हा कपबश्या विसळायच्या नाहीत.’

‘मिस ऑर्मरॉड, दोन?’

बेरिल खाली तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगत होती, अंगठा बटणावर पांढरा पडला होता. डग्लस हात हलवून हलवून वेडा झाला होता. एनिड तीन नंबरचं चित्र पाहत राहिली. हेटीचे डोळे भरले होते, आणि एनिडला दिसलं की ती अभिनय करत नव्हती. तिला हेही दिसलं की त्यामुळे काही बदलत नाही.

‘दोन,’ ती म्हणाली.

चित्र शेजारणीवर गेलं. हेटीने बेरिलचं वाक्य घेतलं, आवाज परत आला, आणि मुलाचं पत्र आलं नाही ते मिसेस टॅटरसॉलने इतकं सुरेख सांगितलं की पुढे लोक ते सांगत राहिले. अखेर काळ्या कागदाची गुंडाळी फिरली, पांढऱ्या अक्षरांतली नावं वर सरकली. सगळ्यात शेवटी, नेहमीप्रमाणे: दिग्दर्शन, एनिड ऑर्मरॉड.

नऊ सेकंद आवाज नव्हता. पण ज्या गल्ल्यांत तो प्रसंग दिसला तिथल्या निम्म्या घरांतल्या बायका एकतर गिरणीत होत्या नाहीतर गिरणीतून निवृत्त झालेल्या होत्या. नवऱ्यांनी संचाला थापट मारायला हात उचलला तर त्यांनी तो धरला. ‘थांब ना. ती बोलतेय.’ गुरुवारी सकाळी शेडमध्ये माग चालू होण्याआधीच बातमी सगळ्यांकडे होती, आणि एनिड कोण हा प्रश्नही कुणाला पडला नाही, कारण नाव गुंडाळीवर वाचलेलं होतं. शनिवारपर्यंत कंपनीत दोन पोती पत्रं आली. ‘त्या बाईची खुर्ची तिला परत द्या’ अशी काही. ‘पेनरोज कोण, त्याला धुणं येतं का’ अशी काही. नेल्सन गावच्या एका म्हातारीने लिहिलं होतं, ॲलिस ऑर्मरॉड माझ्या शेजारच्या मागावर होती, तिच्या पोरीला असं वागवता?

लॅटिमरसाहेबांना कळेना की माइक बंद असताना बोललेली गोष्ट फुटली कशी. त्यांनी ध्वनी विभागाची चौकशी केली, माइक तपासले, एका निरपराध माणसाला ताकीद दिली. डग्लसला मात्र पत्रं वाचता वाचता उलगडा झाला असावा, कारण तेव्हापासून तो बोलताना तोंडावर हात घेऊ लागला.

पत्रांचा उपयोग एवढाच झाला की एनिडला काढण्यासाठी शरद ऋतूपर्यंत थांबायची गरज उरली नाही. कागदावर कारण खरंच होतं, आणि तिनेच ते दिलं होतं: थेट प्रक्षेपणात निःशब्द चित्र नऊ सेकंद धरून ठेवलं, दिग्दर्शकाची गंभीर चूक. लॅटिमरनी तो कागद तिच्यापुढे सरकवताना विचारलं की इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईने असं का केलं.

‘मला पुढे काय म्हणते ते बघायचं होतं,’ एनिड म्हणाली.

त्यांना वाटलं तिचं डोकं ठिकाणावर नाही.

हेटी त्या संध्याकाळी तिच्या दारात येऊन उभी राहिली. पार्किनचा, म्हणजे आलं-काकवीचा केक आणला होता, फडक्यात गुंडाळलेला. ती काहीतरी बोलू लागली, आवाजात, नेहमीच्या माणसांसारखं. एनिड उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ‘ती भाषा माझ्या आईची होती, हेटी. तू तिच्यात मला जेवलीस का विचारत होतीस.’ आणि दार लावलं. केक सकाळपर्यंत पायरीवर होता; नंतर शेजारच्या कुत्र्याने नेला.

पुढे एनिड मँचेस्टरला गेली. शाळांसाठीच्या कार्यक्रमांत कॅमेऱ्यापुढे बेडूक आणि ज्वालामुखी आणले, आणि नव्या मुलींना चित्र बदलायला शिकवलं. पहिल्याच तासाला ती सांगे की माझी आई विणकर होती. बेडकांना तिच्यामागे कारस्थानं करता येत नव्हती; ती बरी होती तिथे. ‘वॉशहाऊस’ देशभर गाजली. डग्लस तिचा दिग्दर्शक म्हणून नावाजला. फळ्या कधी कुरकुरल्या नाहीत.

बुधवारी साडेसातला एनिड मालिका बघे. आवाज पूर्ण बंद करून. कोण आधी बोलणार, कुठे जायला हवं होतं, कुठे उशीर झाला, हे ती कपातल्या चहाला सांगत असे. आणि दर आठवड्याला, शेवटच्या प्रसंगानंतर, नावांची गुंडाळी फिरायच्या आधी, हेटी एक क्षण कॅमेऱ्यात सरळ पाही. तिचे ओठ उघडू लागत.

त्याच्या अर्धा श्वास आधी एनिड उठून संच बंद करी. तेवढी वेळ तिची कधी चुकली नाही.